विष, तंबाखू, फवारणी आणि एक प्रथिन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर विज्ञान शिकवत राहिले. शिकलेलं ज्ञान घराच्या उंबऱ्यापर्यंत यायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून आज मी असा विषय निवडला आहे, जो वरवर पाहता केवळ प्रयोगशाळेतला वाटतो. निकोटिनिक ॲसिटिलकोलीन रिसेप्टर हे त्याचं नाव. लातूर आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ते तोंडपाठ असतं. त्यावरचा प्रश्न आला तर अचूक पर्यायावर खूण करायला त्यांना क्षणही लागत नाही. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की या मुलांच्या आईवडिलांची या रिसेप्टरशी रोज गाठ पडते. साप चावतो तेव्हा पडते, फवारणीचं विष अंगात जातं तेव्हा पडते आणि तळहातावर चुना-तंबाखू मळली जाते तेव्हाही पडते. या तिन्ही ठिकाणी काय करावं आणि काय करू नये, हे त्या एका प्रथिनाच्या रचनेवरून ठरतं. ती रचना आपण समजून घेतली, तर मराठवाड्यात माणसं वाचतील.

आधी रिसेप्टर म्हणजे काय ते पाहू. हात उचलायचा असं मनात आलं की मज्जातंतूतून विजेचा संदेश स्नायूपर्यंत जातो. मात्र मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं, ती फट ओलांडतं आणि स्नायूच्या पृष्ठभागावर बसलेल्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. हा रिसेप्टर पाच प्रथिनसाखळ्यांचा बनलेला असतो. गोल आडाचं बांधकाम डोळ्यांपुढे आणा: पाच चिरे एकमेकांना भिडून उभे आहेत आणि मध्ये पोकळी आहे. ही पोकळी एरवी मिटलेली असते. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू दोन ठरलेल्या खोबणींत बसले की पाचही साखळ्या किंचित वळतात, पोकळी उघडते आणि सोडियमचे आयन आत धावतात. उघडी असताना एका पोकळीतून सेकंदाला सुमारे एक कोटी आयन जाऊ शकतील, असा हा वेग असतो. ती उघडी राहते मात्र काही मिलीसेकंदच. कोलिनएस्टरेज नावाचं विकर ॲसिटिलकोलीन लगेच तोडून टाकतं, पोकळी मिटते आणि स्नायू पुढच्या संदेशासाठी मोकळा होतो. पापणी उघडणं, घास गिळणं, श्वास घेणं हे सगळं याच उघडझापीवर चालतं.

हे माणसाला कळलं कसं, ती कहाणी विषांची आहे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांच्या टोकांना कुरारे नावाचं वनस्पतिविष लावत. शिकारीला बाण लागला की तिचे स्नायू लुळे पडत. फ्रान्समध्ये क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं की या विषाने मज्जातंतू मरत नाही आणि स्नायूही मरत नाही, फक्त दोघांमधला दुवा तुटतो. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी निकोटीन आणि कुरारे यांचा स्नायूवर होणारा परिणाम अभ्यासला आणि १९०५ साली असं मांडलं की स्नायूत एक ‘ग्रहण करणारा पदार्थ’ असला पाहिजे. रिसेप्टर या कल्पनेचा पाया तिथे घातला गेला. निकोटीनला प्रतिसाद देतो म्हणून हा रिसेप्टर निकोटिनिक. पुढे हेन्री डेल आणि ओटो लोवी यांनी मज्जातंतूचा निरोप रसायनाच्या द्वारे पोचतो हे सिद्ध केलं, त्यासाठी त्यांना १९३६ सालचं नोबेल मिळालं.

पण तो पदार्थ हाती लागत नव्हता. शेवटी तो सापडला एका सापामुळे. तैवानमध्ये चांग आणि ली या दोन शास्त्रज्ञांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं काढलं. बंगारस हे मण्यारीच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव आहे. आपल्याकडची मण्यार आणि तैवानची मण्यार एकाच कुळातल्या. हे विष स्नायूवरच्या रिसेप्टरला इतकं घट्ट चिकटतं की त्याचाच माग काढत रिसेप्टर ओढून बाहेर आणता येईल, हे लक्षात आलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाँ-पिएर शाँझू यांनी १९७० साली नेमकं तेच केलं. त्यांनी रिसेप्टर घेतला दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत-मत्स्याच्या अवयवातून, कारण शॉक देणारा तो अवयव म्हणजे मूळचे स्नायूच, आणि त्यांच्यावर हे रिसेप्टर दाटीने बसलेले असतात. मण्यारीचं ते विष वेगळं काढणारे ली त्या संशोधनात सहभागी होते. मज्जातंतूचा निरोप झेलणाऱ्या रिसेप्टरला प्रथिन म्हणून वेगळं काढण्याची ती सुरुवात होती.

पुढची वाट भराभर उघडत गेली. जर्मनीत नेहर आणि साकमान यांनी १९७६ साली बेडकाच्या स्नायूवर एकाच रिसेप्टरची पोकळी उघडताना आणि मिटताना वाहणारा विजेचा प्रवाह नोंदवला, आणि १९९१ चं नोबेल मिळवलं. १९८२ साली जपानमध्ये शोसाकू नुमा यांच्या गटाने रिसेप्टरच्या एका साखळीचा अमिनो आम्लांचा क्रम उलगडला. नायजेल अनविन यांनी टॉर्पेडो या शॉक देणाऱ्या माशातल्या रिसेप्टरची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली चित्रं जोडून २००५ साली त्याची जवळजवळ अणूंच्या पातळीवरची रचना मांडली. २०२० साली तोच रिसेप्टर अल्फा-बंगारोटॉक्सिनला घट्ट धरून बसलेल्या अवस्थेत पाहता आला. आज आपण संगणकाच्या पडद्यावर विष नेमकं कुठे रुतलेलं आहे, हे फिरवून फिरवून बघू शकतो.

आता आपल्या शिवारात येऊ. नागाच्या विषातलं मुख्य मज्जाविष ‘तीन बोटांचं’ असतं. साठ-सत्तर अमिनो आम्लांची छोटीशी साखळी घडी घालून तीन बोटं पुढे काढते, आणि त्यांतलं मधलं बोट ॲसिटिलकोलीनच्या खोबणीत जाऊन बसतं. खोबणी भरलेली म्हणून ॲसिटिलकोलीनला जागा नाही, पोकळी उघडत नाही, स्नायूला आज्ञा पोचत नाही. पापण्या मिटतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. मण्यारीच्या विषात याशिवाय आणखी एक जात असते. ती मज्जातंतूच्या टोकावरच हल्ला करते आणि ॲसिटिलकोलीन बाहेर येऊच देत नाही.

हा फरक उपचारासाठी फार मोलाचा आहे. नागाच्या विषाने खोबणी अडवली असेल तर ॲसिटिलकोलीन वाढवून तिथे स्पर्धा उभी करता येते. कोलिनएस्टरेजला थोपवणारं निओस्टिग्मिन दिलं की ॲसिटिलकोलीन टिकतं, आणि नागदंशात अनेकदा पापण्या उघडू लागतात. त्यासोबत ॲट्रोपीन द्यावं लागतं, नाहीतर शरीरातले दुसरे रिसेप्टर खवळून लाळ सुटते, नाडी मंदावते. मण्यारीच्या दंशात मात्र ॲसिटिलकोलीन सोडणारं टोकच निकामी झालेलं असतं, म्हणून निओस्टिग्मिनचा तिथे फारसा उपयोग होत नाही. प्रतिसर्पविष लवकर दिलं तर रक्तात फिरणारं विष अडतं, पण जे टोक आधीच बिघडलं आहे ते त्याने सुधारत नाही. ते टोक शरीरालाच पुन्हा बांधावं लागतं, त्याला दिवस लागतात, आणि तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. यंत्र मिळालं तर माणूस जगतो.

वॉर्डातलं चित्र सांगतो. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक असतात, सूज नसते, दुखतही नाही. काही वेळा दंशाची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो. थोड्या वेळाने पापण्या जड होतात. त्याला वर बघायला सांगितलं की तो भुवया उंचावतो, पण पापणी उठत नाही. मग डॉक्टर सांगतात, एक दीर्घ श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात एकपासून आकडे मोजा. निरोगी माणूस सहज वीसपार जातो. हा दहा-बारावर थांबला, तासाभराने सहावर थांबला, तर श्वसनाचे स्नायू दुबळे होत चालले आहेत असं समजायचं. मग मान उचलता येत नाही. शेवटी माणूस निपचित पडतो, डोळ्यांच्या बाहुल्या फाकून स्थिर होतात, आणि नातेवाईक हंबरडा फोडतात. या क्षणी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे. तो माणूस शुद्धीवर असू शकतो. तो ऐकत असतो. त्याचा मेंदू शाबूत असतो, फक्त एकही स्नायू हलवता येत नाही. मण्यारीच्या दंशात बाहुल्या फाकल्या म्हणून कुणाला मृत ठरवू नका. श्वास देत राहा.

अशा वेळी तालुक्याच्या गावी काय करता येतं, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला डॉ. दिलीप पुंडे वर्षानुवर्षं सर्पदंशावर उपचार करत आले आहेत. बालाघाटच्या डोंगरातला हा तालुका, मोठी शहरं दूर. तिथल्या दहा वर्षांच्या उपचारांचा अनुभव त्यांनी २००५ साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया या नियतकालिकात मांडला. रिसेप्टरची रचना शोधणारे शास्त्रज्ञ पॅरिसमध्ये, क्योटोत होते, पण ती रचना ज्यांच्या अंगात बिघडते ती माणसं मुखेडच्या खाटेवर होती. त्यांच्याविषयीचं शास्त्रही तिथेच लिहिलं गेलं. मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून विंचूदंशावर जे काम केलं, त्याला जगाने मान्यता दिली आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. ज्ञान निर्माण करायला राजधानीत राहावं लागत नाही, हे या दोघांनी आपल्याला दाखवून दिलं आहे.

आकडा ऐका. दशलक्ष मृत्यू अभ्यासावर आधारलेल्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. हे उद्दिष्ट दिल्लीत गाठलं जाणार नाही. ते मुखेड, किनवट, औसा, निलंग्याच्या रुग्णालयांत गाठावं लागेल.

आपल्याकडे अजूनही साप चावलेल्याला पान, म्हणजे विष, उतरवायला नेतात. कडुनिंबाचा पाला चघळायला देतात आणि कडू लागतो का विचारतात. विषारी सापाच्या दंशात जीभ आणि चव शाबूत असू शकते, त्यामुळे ही परीक्षा फसवते. दंशाची जागा कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांनी नुकसानच होतं. हात किंवा पाय स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ओळख पटवण्यासाठी साप मारत बसायची गरज नाही. कवड्या हा बिनविषारी साप मण्यारीसारखा दिसतो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. पण अंधारात ते बघत बसू नये. लक्षणांवरून उपचार होतात.

इथेच मुंगसाची गोष्ट सांगायला हवी. सापाशी झुंज झाली की मुंगूस रानात जाऊन मुंगूसवेल खातं आणि विष उतरवतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. १९९२ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सारा फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंगसाचा रिसेप्टर तपासला. खोबणीच्या काठावरची मोजकी अमिनो आम्लं त्यात वेगळी निघाली आणि एका ठिकाणी साखरेची साखळी जोडलेली आढळली. त्यामुळे विषाच्या बोटाला तिथे शिरता येत नाही, पण ॲसिटिलकोलीन मात्र नीट बसतं. मुंगसाला कुठलंही औषध खावं लागत नाही. त्याचा बचाव त्याच्या प्रथिनात, जन्मापासून लिहिलेला आहे. हे कळल्यानंतर मुंगसाविषयीचं आश्चर्य कमी होत नाही, वाढतं. शाळेत मुलांना ही गोष्ट सांगा, त्यांना रिसेप्टर कायमचा लक्षात राहील.

दुसरं ठिकाण फवारणीचं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं रिसेप्टरला थेट धरत नाहीत. ती कोलिनएस्टरेज बंद पाडतात. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं, रिसेप्टर सतत चेतवले जातात, स्नायू आधी फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीच्या फवारणीने सुमारे वीस शेतकरी-मजुरांचा जीव गेला. अनेक घरं त्या धक्क्यातून अजून सावरलेली नाहीत. उपचारातली एक गोष्ट इथे सांगणं भाग आहे. ॲट्रोपीनने लाळ, घाम, छातीतला कफ आटोक्यात येतो, कारण ते दुसऱ्या जातीच्या, मस्कॅरिनिक रिसेप्टरवर काम करतं. निकोटिनिक रिसेप्टरवर त्याचा काहीही परिणाम नाही. म्हणून रुग्ण पहिल्या दिवशी सुधारलेला दिसतो आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान त्याची मान आणि श्वसनाचे स्नायू ढिले पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ साली हे स्पष्टपणे नोंदवलं. ‘बरं वाटतंय’ म्हणून तिसऱ्याच दिवशी रुग्णाला घरी नेऊ नये. रोज मान उचलून दाखवायला सांगावं.

कीटकनाशकांची नवी पिढी निओनिकोटिनॉइडची आहे. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही त्यांतली नावं आपल्या ओळखीची आहेत. लातूरचं सोयाबीन आणि नांदेडची कपाशी पेरण्यापूर्वी बियाण्याला ती चोळली जातात. किडीच्या निकोटिनिक रिसेप्टरवर ती घट्ट बसतात, माणसाच्या रिसेप्टरला तुलनेने कमी धरतात, कारण किडीच्या खोबणीची घडण थोडी वेगळी आहे. पण मधमाशी ही देखील कीटकच. सूर्यफूल आणि करडईवर येणारी मधमाशी त्यातून सुटत नाही. युरोपीय संघाने २०१८ साली या गटातल्या तीन रसायनांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांसाठीच.

जूनमधलं एक दृश्य जवळून बघा. बांधावर पोतं अंथरलं आहे. शेतकरी उघड्या हाताने बियाण्याला लालसर औषध चोळतो. काम संपलं की तोच तळहात धोतराला पुसतो, तंबाखू काढतो, चुना लावून अंगठ्याने मळतो आणि ओठाखाली ठेवतो. त्या एका तळहातावर आता दोन रसायनं आहेत. दोन्ही एकाच जातीच्या रिसेप्टरसाठी घडलेली. तंबाखूच्या झाडाने निकोटीन बनवलं तेच मुळी किडीला मारण्यासाठी. सेंद्रिय शेतीतल्या अग्निअस्त्र या कीडनाशकातही तंबाखू असते. किडीसाठी झाडाने बनवलेलं विष आपण ओठाखाली धरतो आणि मेंदूतले निकोटिनिक रिसेप्टर त्याला ॲसिटिलकोलीन समजून उघडतात. सततच्या निकोटीनने ते थकून बंद राहतात, मेंदू त्यांची संख्या वाढवतो, आणि सकाळी उठताच ते सगळे निकोटीन मागू लागतात. यालाच आपण सवय म्हणतो. देशात २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. मेंदूतल्या या रिसेप्टरची रचना २०१६ साली उलगडली, आणि त्याला अर्धवट चेतवून तलफ शमवणारी व्हॅरेनिक्लिनसारखी औषधं आज डॉक्टरांकडे आहेत. ‘इच्छाशक्ती कमी पडली’ असं म्हणून व्यसनी माणसाला हिणवण्यापेक्षा त्याच्या रिसेप्टरवर उपचार करणं जास्त माणुसकीचं आहे.

आता काही बाबी, ज्या आपल्या हातात आहेत. मुखेड असो की उदगीर, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष, निओस्टिग्मिन, ॲट्रोपीन आणि श्वास देण्याची हातपिशवी असली पाहिजे, आणि ती चालवता येणारी परिचारिका रात्रपाळीतही हवी. हातपिशवीने श्वास देत देत रुग्ण नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेपर्यंत पोचला, तर तो वाचतो.

दुसरं काम संशोधनाचं. भारतातलं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनतं, आणि ते विष बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेतून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे आता सिद्ध झालं आहे. मराठवाड्यातल्या नागाचं, मण्यारीचं विष किती वेगळं आहे? नांदेडजवळच्या विष्णुपुरीत १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. वनखात्याची परवानगी घेऊन हे काम त्यांनी हाती घ्यायला हवं. तशी नवी दिशाही मिळते आहे. २०२४ साली बंगळूरच्या कार्तिक सुनगार यांनी अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर असं प्रतिपिंड शोधलं, जे स्वतःच रिसेप्टरसारखं दिसतं. तीन बोटांचं विष त्यालाच रिसेप्टर समजून पकडतं आणि खरा रिसेप्टर मोकळा राहतो. शत्रूने जे कुलूप ओळखलं, तेच आता आपल्या बाजूने वापरलं जातं आहे.

आणि शेवटी क्लासमधल्या मुलांना. तुम्ही डॉक्टर व्हाल, काही जण परदेशीही जाल. जे पाठ केलं आहे ते विसरू नका. पण एक गोष्ट करा: या उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलात की घरातल्या माणसांना एका श्वासात आकडे मोजायला शिकवा, मण्यारीच्या दंशात पापणी का मिटते ते सांगा आणि तंबाखू मळणाऱ्या आजोबांना त्यांच्या तळहातावर काय आहे ते समजावून सांगा. परीक्षेतल्या एका प्रश्नाचं उत्तर इतक्या माणसांच्या उपयोगी पडू शकतं. ते उपयोगी पडावं, ही जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.